खोडदच्या दुर्बिणीला कॅमेराच नाही, मग आकाशाचं चित्र बनतं कसं? आणि ते लवकर बनवण्यासाठी काय करतात?

पुणे-नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर, पेठ, मंचर करत नारायणगाव गाठलं आणि तिथून पूर्वेला खोडदकडे वळलं, की शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना ही 'जीएमआरटी' नवी नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, इथे मोठं प्रदर्शन भरतं आणि शाळांच्या सहली येतात.

तबकडीखाली उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो साधा असतो : यातून बघायचं कुठून?

उत्तर आहे, कुठूनच नाही. या दुर्बिणीला डोळा लावायची जागा नाही आणि कॅमेराही नाही. तिच्या नावानं प्रसिद्ध होणारं आकाशाचं प्रत्येक चित्र नंतर कॉम्प्युटरवर गणित करून तयार केलेलं असतं. निरीक्षण काही तासांत संपतं, पण चित्र हातात यायला कित्येक दिवस, कधी कधी वर्षंही लागतात. हा वेळ कमी कसा करायचा, यावर जगभर काम चालू आहे. त्यातला बराच भाग जीएमआरटीशी जोडलेला आहे आणि त्याच प्रकारचं गणित पेशींचे फोटो काढणाऱ्या आधुनिक सूक्ष्मदर्शकांमध्येही चालतं.

जीएमआरटी म्हणजे नेमकं काय?

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे तिचं पूर्ण नाव. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवतं.

- एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर
- त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात
- उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या
- सगळ्यात दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर

एवढं अंतर का ठेवलं? रेडिओ लहरी लांब असतात. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटर असते. अशा लहरींसाठी ४५ मीटरची एकटी तबकडी आकाशात जे पाहते, तो सुमारे अडीच अंशांचा एक धूसर डाग असतो. पौर्णिमेचे पाच चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर होतील एवढा. बारकावे दिसण्यासाठी तबकडी कित्येक किलोमीटर रुंद हवी, आणि तशी बांधणं शक्य नाही.

मग उपाय असा निघाला की लहान तबकड्या दूरदूर ठेवायच्या आणि मोठ्या तबकडीचं काम गणिताकडून करून घ्यायचं. या पद्धतीसाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन राइल यांना १९७४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९मध्ये जगभर व्हायरल झालेलं कृष्णविवराचं पहिलं चित्रही याच पद्धतीनं बनलं होतं.

कॅमेरा नाही, तर तबकड्या नोंदवतात काय?

दोन तबकड्यांकडे एकाच ताऱ्याची लहर येते, पण एकीकडे किंचित आधी आणि दुसरीकडे किंचित नंतर. दोघींचे सिग्नल एकमेकांशी गुणून त्यांचा मेळ किती बसतो हे पाहिलं, की एक आकडा मिळतो. या आकड्यात आकाशाच्या चित्रातला एक विशिष्ट पट्टेरी नमुना किती प्रमाणात आहे, एवढीच माहिती असते. जवळच्या तबकड्यांची जोडी रुंद पट्टे मोजते, दूरची जोडी बारीक पट्टे मोजते.

३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यावरून पाहिलं तर प्रत्येक जोडी सतत वळत असते आणि वेगवेगळ्या दिशांचे पट्टे मोजत जाते. म्हणूनच एकाच जागी सात-आठ तास निरीक्षण करतात. पुरेसे पट्टे जमले की ते एकमेकांवर रचून चित्र बनवता येतं. या रचण्याच्या गणिताला फूरिये रूपांतर म्हणतात.

एक अडचण मात्र उरतेच. ४३५ जोड्या कितीही फिरल्या तरी सगळे पट्टे मोजले जात नाहीत, काही जागा रिकाम्या राहतात. त्यामुळे पहिलं चित्र डागाळलेलं येतं. पावसात रात्री अवसरी घाटातून जाताना ओल्या काचेतून समोरच्या गाड्यांचे दिवे कसे दिसतात ते आठवा. प्रत्येक दिव्याभोवती तारे फुटल्यासारख्या रेघा दिसतात आणि प्रत्येक दिव्याची रेघांची नक्षी सारखीच असते. जीएमआरटीच्या पहिल्या चित्रातही प्रत्येक ताऱ्याभोवती अशीच एक ठरावीक नक्षी असते. ती काढून टाकणं हे पुढचं मोठं काम.

गणित एवढं मोठं का होतं?

आकडे मांडून बघू.

२०१०च्या दशकात जीएमआरटीचं मोठं अद्ययावतीकरण झालं. आधी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकायची, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू शकते. तेवढ्यासाठी प्रत्येक सिग्नल सेकंदाला ८० कोटी वेळा मोजावा लागतो. ३० तबकड्या, प्रत्येकीचे दोन सिग्नल, म्हणजे ६० सिग्नल. एकूण झाले सेकंदाला ४,८०० कोटी आकडे. एका आकड्याला फक्त अर्धा बाइट धरला तरी सेकंदाला २४ जीबी आणि आठ तासांत सुमारे ६९० टीबी.

इतकं साठवून ठेवणं परवडत नाही. म्हणून जोड्यांचे गुणाकार तिथल्या तिथे, सिग्नल येत असतानाच करावे लागतात. हे यंत्र थोडं जरी मागे पडलं तरी तेवढं आकाश कायमचं हातचं जातं.

गुणाकारांनंतर डेटा खूप आटोपशीर होतो. समजा ४३५ जोड्या, २,०४८ फ्रीक्वेन्सी चॅनल, दोन प्रकारचे सिग्नल आणि दर पाच सेकंदांना एक नोंद. आठ तासांत सुमारे १,००० कोटी नोंदी होतात, म्हणजे साधारण ८० जीबी. एका पेनड्राइव्हमध्ये मावेल एवढा हा डेटा. मग अडचण काय?

अडचण ही, की चित्राचा प्रत्येक ठिपका प्रत्येक नोंदीवर अवलंबून असतो. ४,००० गुणिले ४,००० ठिपक्यांचं चित्र म्हणजे १ कोटी ६० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी १,००० कोटी नोंदींची बेरीज करायची. सेकंदाला १०० कोटी गणितं करणाऱ्या कॉम्प्युटरला सरळसोट पद्धतीनं हे काम दिलं तर त्याला सुमारे पाच वर्षं लागतील. तेही फक्त पहिल्या, डागाळलेल्या चित्रासाठी.

पहिली युक्ती : गणितच कमी करा

१९६५मध्ये जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, म्हणजे एफएफटी, ही पद्धत प्रसिद्ध केली. सरळ पद्धतीत तेच तेच गुणाकार पुन्हा पुन्हा होत असतात. एफएफटी ते एकदाच करते आणि सगळीकडे वापरते.

पण तिची एक अट आहे. आकडे सारख्या अंतराच्या चौकटीत मांडलेले हवेत, आणि जीएमआरटीच्या नोंदी तर वेड्यावाकड्या विखुरलेल्या असतात. त्यामुळे आधी प्रत्येक नोंद तिच्या जवळच्या काही घरांत वाटून टाकतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सुटे टोमॅटो कोणी मोजत बसत नाही. माल आधी क्रेटमध्ये भरतात, मग क्रेटचा हिशोब होतो. इथेही तसंच.

हिशोब पुन्हा मांडू. प्रत्येक नोंद साधारण ५० घरांत वाटायची म्हटलं तर ५० हजार कोटी गणितं, म्हणजे त्याच कॉम्प्युटरला आठ-नऊ मिनिटं. त्यापुढची एफएफटी एका सेकंदाच्या आत. कॉम्प्युटर तोच, पण पाच वर्षांचं काम काही मिनिटांवर आलं. यात नवं मशीन लागलं नाही, पद्धत बदलली. वेग वाढवण्याच्या सगळ्या प्रयत्नांत सर्वांत मोठी झेप बहुतेक वेळा इथेच मिळते.

दुसरी युक्ती : डाग काढताना प्रत्येक वेळी सगळं पुसू नका

आता ओल्या काचेवरच्या त्या रेघा. स्वीडिश शास्त्रज्ञ यान ह्यॉगबोम यांनी १९७४मध्ये 'क्लीन' नावाची पद्धत मांडली. चित्रातला सगळ्यात तेजस्वी ठिपका शोधायचा. त्याभोवतीची नक्षी कशी असणार हे माहीत असतं, म्हणून त्याच्या तेजाचा छोटा हिस्सा, समजा दहावा भाग, त्या नक्षीसकट चित्रातून वजा करायचा आणि बाजूला लिहून ठेवायचा. मग पुढचा तेजस्वी ठिपका. असं हजारो वेळा. शेवटी लिहून ठेवलेले ठिपके स्वच्छ चित्रात परत मांडायचे.

पद्धत चांगली, पण प्रत्येक वेळी अख्ख्या चित्रातून नक्षी वजा करायची म्हणजे वेळखाऊ. १९८०मध्ये बॅरी क्लार्क यांनी तोड काढली. बरेच ठिपके आधी नक्षीचा फक्त मधला तुकडा वापरून अंदाजे वजा करायचे आणि मधूनमधून एकदाच एफएफटी वापरून पूर्ण, अचूक वजाबाकी करायची. कच्च्या वहीत हिशोब लिहून संध्याकाळी एकदाच पक्क्या वहीत उतरवावा, तसं. आजही ही विभागणी रेडिओ चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्रास वापरतात.

तिसरी युक्ती : काम वाटून द्या

गेमिंगमुळे सगळ्यांना माहीत झालेलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जीपीयू, इथे उपयोगी पडतं. साधा प्रोसेसर एखाद्या हुशार कारागिरासारखा असतो. कोणतंही अवघड काम करतो, पण एका वेळी थोडंच. जीपीयू म्हणजे कांदा लागवडीला आलेली मोठी टोळी. प्रत्येकीचं काम सोपं आणि सारखंच, पण सगळ्या वाफ्यांत एकदमच लागवड होते.

तबकड्यांच्या जोड्यांचे गुणाकार नेमके असेच असतात, सारखे आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले. जीएमआरटीत सुरुवातीला या कामासाठी खास बनवलेलं हार्डवेअर होतं. २०१०च्या सुमारास साध्या कॉम्प्युटरच्या समूहावर चालणारं सॉफ्टवेअर आलं. अद्ययावत जीएमआरटीत एफपीजीए चिप आणि जीपीयू मिळून हे काम करतात आणि ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच क्षणी हाताळतात.

जीपीयू लावला की सगळं आपोआप वेगवान होतं, असं मात्र नाही. डेटा डिस्कवरून जीपीयूपर्यंत पोहोचवण्यातच वेळ गेला तर टोळी बांधावर बसून राहते. रोपं वेळेवर पोहोचवण्याची व्यवस्था टोळीइतकीच महत्त्वाची.

चौथी युक्ती : माणसासाठी थांबणं कमी करा

गणित मिनिटांत झालं तरी चित्र महिनोन्महिने का अडतं? कारण मध्ये माणूस बसलेला असतो. मोबाइल टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या यांचे सिग्नल डेटातून शोधून काढायचे असतात. त्यात वातावरणाच्या वरच्या थरात असलेला आयनोस्फिअर कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरींना हलत्या पाण्यासारखा वाकवतो. त्याची दुरुस्ती आकाशाच्या प्रत्येक दिशेला वेगळी करावी लागते. दुरुस्ती करायची, चित्र बनवायचं, चित्र पाहून परत दुरुस्ती करायची, असं चक्र चालतं. हे सगळं एक अनुभवी संशोधक हातानं करत बसला, तर एका निरीक्षणातच आठवडे जातात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे 'टीजीएसएस'. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीनं १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं मोठं सर्वेक्षण केलं. निरीक्षणाचा एकूण वेळ २,००० तासांहून जास्त. खोडदहून दिसणारं जवळजवळ सगळं आकाश, म्हणजे पूर्ण आकाशाच्या ९० टक्के भाग, त्यात आला. पण एवढ्या डेटाची चित्रं बनवणं हेच मोठं काम होऊन बसलं.

ह्यूब इंटेमा या डच शास्त्रज्ञानं 'स्पॅम' नावाची पद्धत विकसित केली होती. नाव ईमेलमधल्या स्पॅमसारखं असलं तरी काम आयनोस्फिअरची दुरुस्ती करण्याचं. ती त्यांनी आपोआप चालेल अशी बनवली आणि सहकाऱ्यांसोबत अख्खं सर्वेक्षण त्यातून पुन्हा काढलं. २०१६मध्ये ही चित्रं सगळ्यांसाठी खुली झाली. त्यांत सुमारे ६ लाख २३ हजार रेडिओ स्रोतांची यादी होती. तबकड्यांनी आकाश २०१२पर्यंतच टिपलं होतं, जगाला ते पूर्ण दिसलं २०१६मध्ये. मधली वर्षं गणिताची आणि ते आपोआप चालवण्याच्या खटपटीची होती.

अद्ययावत जीएमआरटीसाठी एनसीआरएच्या रुता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी 'कॅप्चर' नावाची अशीच आपोआप चालणारी प्रणाली बनवून खुली केली. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यालाही कच्च्या डेटापासून चित्रापर्यंत पोहोचता येतं.

आणि सूक्ष्मदर्शकाचा इथे काय संबंध?

संबंध अगदी जवळचा आहे. १८७३मध्ये एर्न्स्ट आबे यांनी दाखवलं, की साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील दिसू शकत नाहीत. भिंग कितीही चांगलं असलं तरी प्रत्येक बिंदूचा डाग होतो. आकाशातल्या ताऱ्याभोवती नक्षी उमटते, तसाच हा प्रकार.

इथेही उपाय गणिताचाच. 'स्ट्रक्चर्ड इल्युमिनेशन' या पद्धतीत पेशीवर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकतात, पट्टे सरकवतात, फिरवतात आणि असे नऊ किंवा पंधरा फोटो काढून त्यांतून एक चित्र गणितानं बांधतात. त्यात साधारण दुप्पट बारकावे दिसतात. जीएमआरटीत पृथ्वी फिरल्यामुळे वेगवेगळ्या दिशांचे पट्टे मोजले जातात, इथे संशोधक स्वतःच पट्टे फिरवतात.

धूसरपणा काढण्याची एक प्रसिद्ध पद्धत तर दोन्हीकडे चालते. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२मध्ये आणि खगोलशास्त्रज्ञ लिऑन लूसी यांनी १९७४मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा १९९३च्या दुरुस्तीपर्यंत तिची धूसर चित्रं सुधारायला ही पद्धत वापरली गेली. आज ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये रोजच्या वापरात आहे.

तिथली अडचणही ओळखीचीच. जिवंत भ्रूणाचं तासन् तास त्रिमितीय चित्रण केलं की टीबीमध्ये डेटा जमतो आणि रिचर्डसन-लूसी पद्धतीला अनेक फेऱ्या लागतात. २०२०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या पद्धतीच्या प्रत्येक फेरीतली एक पायरी बदलली आणि काम किमान दहापट वेगानं होतं हे दाखवलं. जीपीयूची जोड त्याच्या पुढची. प्रथिनांची रचना शोधणाऱ्या क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतही २०१६मध्ये 'रिलायन' हे सॉफ्टवेअर जीपीयूवर आलं. मोठ्या कॉम्प्युटर समूहावर चालणारी कामं त्यामुळे टेबलावरच्या एका मशीनवर होऊ लागली. क्रम तोच : आधी पद्धत सुधारा, मग काम वाटा.

वेगाच्या नादात चूक झाली तर?

हा धोका खरा आहे. आता एआय वापरून धूसर चित्रापासून स्वच्छ चित्र क्षणात मिळवता येतं. पण एआय आधी पाहिलेल्या चित्रांवरून अंदाज बांधतं. जिथे मोजमापच नाही, तिथे ते दिसायला सुंदर पण अस्तित्वात नसलेली गोष्ट काढू शकतं.

यावर एक साधी तपासणी आहे. तयार चित्र खरं मानून उलट गणित करायचं : आकाश असं असतं, तर ४३५ जोड्यांनी काय मोजलं असतं? ते प्रत्यक्ष नोंदींशी जुळलं नाही, तर चित्र चुकलेलं आहे. जुळलं म्हणून ते बरोबरच आहे असंही नाही, कारण न मोजलेल्या जागा रिकाम्याच असतात. पण ही तपासणी वेळ वाचवण्यासाठी गाळता येत नाही.

आणखी एक गोष्ट गणिताच्या हाताबाहेर आहे. बाहेरचा रेडिओ गोंगाट डेटात शिरला की तो भाग बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो. अद्ययावत जीएमआरटीत गोंगाट त्याच क्षणी गाळणारी यंत्रणा आहे, पण गोंगाटाखाली दबलेला क्षीण सिग्नल परत मिळत नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या मूळ मार्गाला जीएमआरटीमुळे आक्षेप आला, त्यामागे हेच कारण होतं. रेल्वे हवी ही इथल्या लोकांची मागणी रास्त आहे. पण 'सॉफ्टवेअरनं आवाज काढून टाका की' हे सोशल मीडियावर सुचवणं सोपं असलं, तरी तांत्रिकदृष्ट्या ते तेवढं सरळ नाही.

पुढे काय?

सप्टेंबर २०२४मध्ये देशात तीन 'परम रुद्र' महासंगणक सुरू झाले. त्यातला एक जीएमआरटीसाठी आहे. फास्ट रेडिओ बर्स्ट शोधणं हे त्याचं एक मुख्य काम. हे स्फोट काही मिलिसेकंदच टिकतात. कच्चा डेटा साठवता येत नसल्यामुळे स्फोट झाला हे लगेच ओळखलं, तरच तो कुठे झाला याचं चित्र बनवता येतं. इथे वेग कमी पडला तर शोधच लागत नाही.

दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए दुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि आपल्याकडचं काम एनसीआरएच्या नेतृत्वाखाली चालतं. तिच्यात १९७ तबकड्या आणि १ लाख ३१ हजारांहून जास्त छोटे अँटेना असतील. तिथे डेटा बाजूला ठेवून 'नंतर बघू' म्हणायची सोयच नाही.

तुम्हाला स्वतः यात काही करायचं असेल, तर दार उघडं आहे. जीएमआरटीचा डेटा निरीक्षणानंतर साधारण १८ महिन्यांनी सगळ्यांसाठी खुला होतो. डॉ. आनंद होता यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या 'रॅड अॅट होम' या उपक्रमात विद्यार्थी आणि हौशी लोक फेसबुकच्या माध्यमातून एकत्र येऊन रेडिओ चित्रं वाचायला शिकतात. ते जी चित्रं पाहतात त्यात टीजीएसएसचीही असतात. आकाश टिपून झाल्यावर चार वर्षांनी का होईना, गणित पूर्ण झालं, म्हणूनच ती आज कुणालाही मोबाइलवर उघडता येतात.